वीस किलोची बॅग

१

शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती त्या आठवड्यात जन्नत मांडवीला माहेरी आली. हातात पिशवी नव्हती, हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती. पिशवी घेऊन आलेली पोर चार दिवसांनी सासरी परतते, ट्रंक घेऊन आलेलीचं काही सांगता येत नाही, एवढं गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळत होतं. कुणी काही विचारलं नाही. फक्त खिडक्या जरा जास्त वेळ उघड्या राहिल्या.

शेजारच्या ओटीवर महिपत सुर्वे पेपर वाचत बसले होते. निवृत्त फौजदार. नोकरीत त्यांनी जितके चोर पकडले, त्याहून जास्त माणसं ‘हा चोर नव्हे’ म्हणून सोडून दिली होती, आणि बढती अडली ती त्यामुळेच, असं विमलाबाई त्यांना महिन्यातून एकदा तरी ऐकवत. जन्नतला त्यांनी परकरातली असल्यापासून बघितलं होतं. तिचा बाप बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा तिचं शाळेत नाव घालायलाही महिपतरावच गेले होते.

संध्याकाळी ती स्वतःच ओटीवर आली. हात पदराखाली लपवलेले.

“काका, माझ्यावर चोरीचा आळ आलाय,” ती म्हणाली. “माझ्याच बांगड्यांच्या चोरीचा.”

महिपतरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. तिनं हात बाहेर काढले. दोन्ही मनगटं उघडी होती.

“सासूनं लग्नात घातलेल्या चार. सोन्याच्या. त्या म्हणतात मी माहेरी दिल्या. अम्माला विचारा, घरात सोन्याचा कण सापडला तर मला समुद्रात टाका. मी कुराणावर हात ठेवला, तरी त्यांना पटलं नाय. शुक्रवारी वजीरच्या खोलीतला धाकू मस्कतला परत चाललाय. त्याच्याबरोबर त्या वजीरला निरोप धाडणार आहेत की हिला सोड म्हणून.”

“वजीर आईचं ऐकेल?”

जन्नतनं हात पुन्हा पदराखाली घेतले. “आजपर्यंत कधी टाळलं नाय,” ती म्हणाली.

२

विमलाबाईंनी चहा दिला आणि दार लोटून घेतलं, तेव्हा कुठे जन्नतनं सगळं सांगितलं.

वजीर मस्कतला बांधकामावर होता. दिवाळीच्या सुमाराला परांचीवरून पडला, पाठ धरली. मालकानं कामावरून काढलं. परतीचं तिकीट काढायलाही त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. आईला हे कळता कामा नये, असं त्यानं जन्नतला बजावलं होतं. थोरला मुलगा समुद्रात गमावलेली बाई, तिला पुन्हा धक्का नको.

“बांगड्या इथं मोडायच्या तर सोनार दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यात सासूला विचारतो, काय नड आली म्हणून,” जन्नत म्हणाली. “म्हणून त्यानंच गनीच्या हाती बंद पाकिटातून कळवलं, टपालाचं पत्र आधी सासूच्या हाती पडतं: गनी सुट्टीवरून परत येताना कुळथाच्या पिठात घालून दे. इकडे मस्कतला मी विकीन आणि तिकीट काढीन.”

गनी म्हणजे मिरकरवाड्यातला शेजारी, वजीरचा लहानपणापासूनचा दोस्त. संक्रांतीनंतर त्याची रजा संपली. आखाती देशातून सुट्टीवर आलेला माणूस परत निघाला की अख्ख्या वाडीचा टपाली होतो. कुणी मुलासाठी कोलंबीचे सोडे देतं, कुणी नवऱ्यासाठी लोणचं. विमानात वीस किलोच चालतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपला पुडा म्हणजे काही वजन नव्हे, अशी प्रत्येकीची समजूत असते. आणि नेणाऱ्यानं ‘नाही’ म्हणायचं नसतं. एकीचा पुडा ठेवून दुसरीचा नेला, तर ती जन्मभर दाराशी उभं करत नाही.

“गनीला सांगितलंस, आत सोनं आहे?”

तिनं मान खाली घातली. “नाय.”

महिपतरावांचा आवाज चढला. “आणि त्याला कस्टमनं धरला असता तर? नव्या नवरीला सोडून गेलेला पोरगा, खडी फोडायला गेला असता तुझ्या पिठापायी. वजीरलाही अक्कल नाही आणि तुलाही नाही.”

ती रडली. त्यांनी रडू दिलं. चूक होती, ती सांगायलाच हवी होती. मग त्यांनी निवलेला चहा तिच्यापुढे सरकवला.

“मग कळलं कसं?”

“धाकू शिमग्याला आला. तो आणि वजीर एका खोलीत राहतात. त्यानं सासूसमोरच विचारलंन, वहिनी, वजीर विचारतोय, बांगड्या पाठवल्यास का नाय? पीठ पोचलं, बांगड्या नव्हत्या. सासूनं माझे हात धरले. मी खोट्या बांगड्या घातल्या होत्या. दोन महिने त्यांना फसवलं, ते तर खरंच होतं ना काका.”

“सोन्याचं आणखी कुणाला माहीत होतं?”

“मला आणि वजीरला. तिसऱ्या कुणाला नाय.”

महिपतराव खोलीतल्या खोलीत येरझारा घालू लागले. चोरी करायला आधी माल ठाऊक असावा लागतो. इथं तर ज्याला ठाऊक होतं, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

३

जन्नतची सासू इशरतबी मिरकरवाड्याच्या चढावर राहत. उंच, सडसडीत बाई. फौजदारसाहेबांना त्यांनी खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहिल्या.

“सोन्याचं मला दुःख नाय,” त्या म्हणाल्या. “माझा थोरला गेला तेव्हा दर्याला मी काय बोलले नाय. पण ही पोर रोज माझ्यासमोर खोट्या बांगड्या वाजवत होती. मी हिला मुलगी म्हटलंवतं. तुम्हीच सांगा, तोंडावर खोटं बोलणारीची शपथ खरी कशी मानू? आणि वजीरला बांगड्या कशाला हव्यात, तेही सांगत नाय.”

महिपतरावांना उत्तर ठाऊक होतं. जन्नतनं शब्द घेतला होता, म्हणून त्यांनी विषय पुड्याकडे वळवला.

“पीठ दिलं ते तुम्ही पाहिलंत?”

“बघितलं की. पिवळ्या कापडात शिवलेलं, चारही बाजूंनी. दोनेक किलो असेल. याच अंगणात गनीनं बॅग भरली. सदूनं बंदरावरच्या काट्यावर वजन करून आणली. बरोबर वीस किलो. मग सुतळीनं आवळली आणि तशीच सदूच्या टेम्पोत ठेवली.”

सदू म्हणजे मिरकरवाड्यातून मुंबईला मासळी पोचवणारा टेम्पोवाला, गनीचा मित्र. त्याच्याच टेम्पोत बर्फाच्या पेट्यांपुढे बसून गनी सहार विमानतळावर गेला होता.

“पुडा वाटेत कुणी उघडला असेल?”

“कोण उघडील? आणि उघडून बांगड्या घेतल्याच, तर पीठ कशाला पोचवील?” इशरतबींनी पदर सारखा केला. “बांगड्या त्यात नव्हत्याच, साहेब. तुम्हालाही मनातून तसंच वाटतंय. शेजारची पोर म्हणून बोलवत नाय.”

महिपतराव उठले. चढ उतरताना त्यांना स्वतःचाच राग आला, कारण क्षणभर त्यांनाही तसंच वाटलं होतं.

४

धाकू नाचणे गावच्या वाडीत सापडला. पालखीपुढे नाचून त्याचा घसा बसला होता.

“माझं चुकलं, साहेब,” तो म्हणाला. “म्हातारीसमोर बोलायला नको व्हतं. वजीर एवढंच म्हणालान, पाठवल्यास का ता विचार. मना काय ठाव, हितं घर मोडंल म्हणून.”

“वजीरनं गनीला विचारलं नाही?”

“कसा विचारणार? दोस्ताच्या बॅगेत चोरून सोनं घातलं, ता दोस्ताला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि गनी पुडा देऊन दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. लांब हाय त्याचं काम.”

“पुडा कसा होता?”

“पिलाष्टिकच्या पिशवीत.”

“पिवळ्या कापडात नव्हता?”

“नाय. पण विमानतळावर काय काय फोडतात, कोण बघतो.”

तेही खरं होतं. महिपतराव तेवढ्यावर निघालेच होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, परत वळून त्यांनी विचारलं, “कुळथाची पिठी केलीत?”

धाकूचा चेहरा उजळला. “त्याच रात्री. मीच केली. वजीरला पाठीमुळं उभं राहवत नाय. लसूण फोडणीला दिली, पण पीठ अगदी सपक. मिरची नाय, धने नाय. मसाला वरून घातला तवा कुठं तोंडाला चव आली. वजीर म्हणालान, जन्नत घाईत इसरली असंल.”

महिपतराव तडक मांडवीला आले. चपला न काढताच त्यांनी जन्नतला हाक मारली.

“पोरी, कुळीथ दळताना आत काय घालतेस?”

“सुकी मिरची, धने, जरा जिरं. वजीरला तशीच लागते.” ती गोंधळली. “का?”

“या खेपेला विसरलीस?”

“काका, त्या पिठात माझं सोनं होतं. मी काय विसरेन?”

महिपतराव पायरीवर बसले. सोनं काढून घेणारा चोर पीठ कशाला बदलेल? आपण चार दिवस बांगड्या शोधतोय, आणि शोधायला हवं होतं पीठ. जन्नतचा पुडा मस्कतला गेलाच नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी गुरुवार. धाकूच्या जाण्याला एक दिवस उरला होता.

सकाळी बंदरावर लिलावाची झुंबड होती. सदू टेम्पोत बर्फ भरून घेत होता. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. फौजदार दिसताच त्याचं हसू जरा आखडलं.

“विमानतळावर बॅग उघडली होती का रे?”

“नाय साहेब. कशाला उघडतील?”

“वजन जादा भरलं तर.”

“भरेल कसं? मी स्वतः काट्यावर टाकली व्हती. वीस म्हणजे वीस. तीळभर जादा नाय.” एवढं बोलून त्यानं बर्फाच्या लादीकडे पाठ फिरवली आणि उगाचच ती हलवली.

वीस किलो असेल तर पुडा गाळायचं कारण नाही. कारण नाही, तरी पुडा गेला नाही. महिपतरावांना पुढचं काही सुचेना. ते काट्याशी जाऊन उभे राहिले.

काटा सोनूबाईचा. मोठी लोखंडी दांडी, दोन बाजूंना साखळ्यांची पारडी. सोनूबाई ओल्या टोपलीतली सुरमई टोपलीसकट डाव्या पारड्यात ठेवत होती, उजवीकडे वजनं. माप झालं, वजनं उतरली, गिऱ्हाइकानं टोपली उचलली. आणि त्याबरोबर रिकामं उजवं पारडं धाडदिशी खाली आलं.

महिपतराव वाकले. उजव्या पारड्याच्या बुडाला तारेनं एक काळा दगड आवळून बांधला होता.

“हा काय गो?”

“पासंग,” सोनूबाई म्हणाली. “टोपलीचा. मासळी टोपलीतून काढून मापायची तर दिवस जाईल. म्हणून टोपलीच्या भाराचा धोंडा हितं बांधलाय. पाणी पिऊन टोपली अडीच किलोची व्हते. फसवत नाय मी कुणाला, साहेब. सगळ्या बंदराला ठाव हाय.”

“संक्रांतीनंतर सदूनं इथं गनीची बॅग मापली, तेव्हा तू होतीस?”

“नाय. मी लिलावात व्हतंव. आल्यावर कळलं.” ती थांबली. “बॅग काय टोपलीत घालून मापलान?”

“टोपलीत कशी मावेल?”

सोनूबाईनं दगडाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

टोपली नसलेल्या पारड्यात बॅग. समोर वीस किलोची वजनं, आणि वजनांच्या खाली लपलेला दगड. रोज टोपल्या मोजणाऱ्या हातांना टोपली नाही याचं भानच राहिलं नव्हतं. गनी ज्या बॅगेला वीस किलो म्हणत निघाला, ती साडेबावीस किलोची होती.

महिपतराव वळले. टेम्पोजवळ सदू नव्हता.

६

तो कुठे पळाला नव्हता. टेम्पोच्या मागे, फळीवर डोकं धरून बसला होता.

“काऊंटरवर अडीच किलो जादा भरलं,” महिपतराव त्याच्या शेजारी बसत म्हणाले. “एका किलोचा दर ऐकून गनीचा चेहरा उतरला असेल. दोन शर्ट अंगावर चढवले असतील.”

“तीन,” सदू म्हणाला. “तरी दोन किलो उरलं. पाठीमागं रांग, सगळे ओरडतायत. सुतळी कापली. आता कुणाचा पुडा काढायचा? जिचा काढू ती बाई जन्मभर तोंड बघणार नाय. गनी म्हणालान, वजीर आपला माणूस, त्याचं पीठ ठेवू. त्याला माझ्या आईनं मला दिलेल्या पिठातलं देतो, कुणाला कळायचं नाय. मना म्हणालान, हे तुझ्याजवळ ठेव, पुढचा जाणारा भेटला की धाड. पण गप्प ऱ्हा.”

“पुढचा जाणारा धाकूच होता.”

“तो आला आणि पहिल्याच दिवशी बांगड्यांचा गलका झाला.” सदूचे डोळे भरून आले. “साहेब, मी तो पुडा उघडला नाय. उघडला आणि बांगड्या नसल्या, तर म्हणतील सदूनं घेतल्या. असल्या, तरी म्हणतील पकडला म्हणून दिलान. माझी आई म्हणाली, गप्प ऱ्हा. त्या पोरीची ट्रंक चढावरनं उतरली ती मी टेम्पोतनं बघितली. तवापासून जेवण जात नाय.”

“आणि तरी गप्प राहिलास.”

सदूनं मान हलवली. महिपतरावांना त्याला एक मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याची दयाही आली. भिडेपोटी बोललेलं एक साधं खोटं, आणि दुसऱ्याच्या पोरीचा संसार त्याखाली आलेला.

“पुडा कुठाय?”

“घरी. माळ्यावर.”

“आण. आणि वाटेत त्याच्या टाक्यालाही हात लावू नकोस. आता त्या शिवणीवर तुझी अब्रू आहे आणि तिचीही.”

दुपारी इशरतबींच्या ओटीवर महिपतरावांनी पुडा ठेवला. पिवळं कापड, कडेला जन्नतचे बारीक टाके, एकही उसवलेला नाही. सदू भिंतीला टेकून उभा होता. झालं ते त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. पाठोपाठ महिपतरावांनी वजीरची पाठ, सुटलेली नोकरी आणि तिकीट, हेही सांगून टाकलं. दिलेला शब्द मोडला. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण तो पाळून एक घर बुडत होतं.

“तुम्हीच उघडा,” ते म्हणाले.

इशरतबींनी विळीवर टाका कापला. पिठाला किडे लागले होते. मिरची-धन्याचा वास आला. त्यांनी हात आत घातला आणि तो तिथंच थांबला. मग एकेक करून चार बांगड्या बाहेर आल्या, पिठानं माखलेल्या. त्या पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“माझा वजीर पाठ धरून पडलाय,” त्या हळू म्हणाल्या, “आणि मी त्याला काय निरोप धाडत होते.”

ऊन उतरण्याआधी त्या मांडवीला आल्या. जन्नत दारात उभी राहिली. महिपतराव दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी होते. निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

इशरतबींनी बांगड्या तिच्या ओंजळीत दिल्या. “चल घरी, पोरी. वजीरच्या तिकिटाचं मिळून बघू.”

जन्नतनं बांगड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. “या सापडल्या नसत्या तर?”

गल्लीत सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. इशरतबींना ‘तरी आले असते’ म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती. महिपतरावांनीही.

“तर मी आले नसते,” इशरतबी म्हणाल्या.

जन्नतच्या चेहऱ्यावर राग होता, आणि दोन महिन्यांचा थकवा.

“मीही तुम्हाला फसवलं,” ती अखेर म्हणाली. “ते माझं चुकलं. वजीरच्या आजाराचं तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी येते. पण यापुढं मला कुणी शपथ घे म्हणायचं नाय. मी एकदा बोलले की तेच.”

इशरतबींनी मान हलवली. मग त्या आत गेल्या. जन्नतच्या अम्मानं हमालाला हाक मारली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. पत्र्याची ट्रंक त्यांनी स्वतः उचलून डोक्यावर घेतली. साठीची बाई, पण जन्नतला त्यांनी कडीला हात लावू दिला नाही. भर गल्लीतून, सगळ्या खिडक्यांसमोरून त्या पुढे चालू लागल्या, आणि जन्नत त्यांच्या मागून निघाली.